आधी पाच वर्षांची पेज

मुंबईची नोकरी सुटताना मिळालेले 12 लाख रुपये आणि आजोबांची कट्टा गावाजवळची अडीच एकर जमीन, एवढ्या बळावर एक चाकरमानी गावी परतला. वहीत हिशेब तयारच होता. दहा मीटरवर एक कलम, म्हणजे 100 हापूस. झाडागणिक पेट्या, पेटीगणिक रुपये. वहीतले आंबे पिकून विकूनही झाले होते.

काकी पडवीत सोलं वाळत घालत होती. तिने विचारलं, "हापूस कितक्या वर्सांनी धरतलो?"

"पाच-सहा."

"म्हणजे पाच वर्सां कलमां तुजा खातली. तू कोणाचा खातलंस?"

वहीत यासाठी पान नव्हतं. दोघं तिथेच बसली. घरखर्च महिना 12 हजार धरला, तरी पाच वर्षांचे 7 लाख 20 हजार. आजारपणाला 1 लाख. उरले 3 लाख 80 हजार. त्यात जांभा फोडून मीटरभर खोल खड्डे, बाहेरून आणायची माती, पडलेला गडगा, उन्हाळ्यातलं पाणी आणि वांदरांची राखण.

"फळबागेचं अनुदान आहे ना," तो म्हणाला. त्याने ते पहिल्याच पानावर जमेला धरलं होतं! भाऊसाहेब फुंडकर योजनेत पैसे तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असे येतात. दुसऱ्या वर्षी 80 टक्के आणि तिसऱ्या वर्षी 90 टक्के झाडं जिवंत दाखवावी लागतात. म्हणजे आधी खर्च आपला. शिवाय हापूस वर्षाआड रुसतो, तेव्हा 'दरवर्षी' हा शब्दही काकीने खोडायला लावला.

100 चे 30 हापूस झाले. उताराला वेंगुर्ला-7 काजूची कलमं, कारण त्यांना तिसऱ्या वर्षापासून बी दिसू लागते. विहिरीकडच्या कुणग्यात भात, मग कुळीथ.

खरी अडचण सातबाऱ्याने काढली. नावं नऊ, त्यातली दोन मयत. अनुदानासाठी आधी वारस नोंद, मग सगळ्यांची संमतीपत्रं. तलाठ्याकडच्या खेपांत एक उन्हाळा गेला. आपल्याकडे माणसं माती तपासून घेतात, सातबारा मात्र ट्रंकेतच राहतो, हे मला कधी कळलेलं नाही.

म्हापशाची बहीण शेवटी आली. "संमतीची सही करतंय, पण हक्क सोडूचंय नाय. काजीच्या पैशात माझो वाटो लिही."

तो चिडला. काकी म्हणाली, "बापाशीच्या जमनीत तिचा नाव आसा. आताच लिही, मगे भांडाण नको."

त्याने लिहिलं. काजूच्या जमेतून बहिणीचा वाटा वजा केला आणि आकडा पुन्हा खाली आला.

पुढच्या पावसात 30 खड्डे भरले. उरलेल्या कातळावर गवत माजलं. दिवाळीआधी काकीने ते कापून गुरंवाल्यांना विकलं आणि ते पैसे वहीत जमेच्या पहिल्या ओळीत मांडायला लावले, बहिणीचा वाटा वेगळा काढून.