शेवटून दुसरा

दरवर्षी जुलैच्या तोंडावर टूर द फ्रान्ससाठी संघांच्या याद्या जाहीर होतात आणि एक ठरीव चर्चा सुरू होते. एखाद्या संघाने पिवळ्या जर्सीचा, म्हणजे एकंदर विजेतेपदाचा दावेदार आणि सपाट टप्पे मारणारा स्प्रिंटर असे दोघेही उतरवले, की जाणकार माना हलवतात: दोन दगडांवर पाय ठेवलाय, आता आपटणार. संघ आपटला तर ‘आम्ही म्हणत नव्हतो?’ आणि जिंकला तर ‘अपवाद’. हे भाकीत खोटे ठरण्याची सोयच त्यात ठेवलेली नाही. त्यामुळे त्याला विश्लेषण म्हणायला माझे मन धजत नाही. तरीही ते इतक्या ठामपणे आणि इतक्या जणांकडून बोलले जाते की त्याच्या मुळाशी जायला हवे.

मुळाशी एक साधे अंकगणित आहे. २०१८ पासून तीन आठवडे चालणाऱ्या तिन्ही मोठ्या शर्यतींत एका संघातल्या स्वारांची संख्या नऊवरून आठवर आली. दावेदाराला घाटात सोबत करायला तीन-चार चढाईवाले लागतात. स्प्रिंटरला अखेरच्या किलोमीटरात वेग चढवत नेणारी तीन-चार जणांची माळ लागते, तिला लीडआउट म्हणतात. दोन नेते वजा केले की उरतात सहा, आणि काम सहा ते आठ जणांचे. बेरीज बहुधा जुळत नाही, म्हणून एक ध्येय सोडा. भावकीत आठ एकरांची वाटणी व्हावी तसा हा विचार आहे: एकाच्या वाट्याला गेले ते दुसऱ्याच्या हातून सुटले. तो अगदीच भाबडा नाही, आणि त्याच्याशी झगडण्यात अर्थ आहे म्हणून हा लेख. बाकीच्या मतांशी झगडण्याचे कारण नाही. प्रायोजकांना रोज टीव्हीवर नाव झळकायला हवे म्हणून स्प्रिंटर लादला जातो, हे खरे असेलही. पण त्यातून शर्यत कशी जिंकली जाते ते कळत नाही. एडी मर्क्सने १९६९ मध्ये पिवळी जर्सी, गुणांचे आणि घाटांचे विजेतेपद ही तिन्ही एकट्याने नेली, हा दाखला मर्क्सबद्दल आहे, संघाबद्दल नाही. टेलेकोम संघाने १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ दोन वर्षे पिवळी आणि गुणांची हिरवी अशा दोन्ही जर्सी नेल्या. पण पिवळी जिंकणारे रीस व उलरिख आणि हिरवी जिंकणारा झाबेल या तिघांनीही पुढे उत्तेजकांची कबुली दिल्यावर त्या पायावर काही उभारू नये हे बरे.

वाटणीवाद्यांची चूक बेरजेत नाही, गृहीतकात आहे. प्रत्येक माणसाचे एकच काम आणि प्रत्येक कामाचा एकच धनी, असे ते धरून चालतात. सपाट टप्प्याचे अखेरचे तीस-चाळीस किलोमीटर बारकाईने पाहिले तर हे गृहीतक टिकत नाही. रस्ता अरुंद होत जातो, गावातले वर्तुळाकार चौक आणि दुभाजक येतात, बाजूचा वारा सुटला तर घोळक्याच्या चिंधड्या होतात. मागे अडकलेल्या दावेदाराचा मिनिटभर सहज जातो आणि तो भरून काढायला अख्खा घाट पुरत नाही. म्हणून ज्याला सपाटीवर काहीच जिंकायचे नाही असा सडपातळ चढाईवालाही त्या वेळी आघाडीला लागतो, आणि त्याच्यापुढे दोन-तीन धिप्पाड गडी वारा खात असतात. स्प्रिंटरलाही नेमके तेच आणि तिथेच हवे असते. मग येते तीन किलोमीटरची रेषा. सपाट टप्प्यावर त्या रेषेच्या आत कोणी पडला किंवा सायकल बिघडली तर त्याला ज्या गटात तो होता त्याच गटाची वेळ मिळते. अलीकडे काही टप्प्यांपुरती ही रेषा पाच किलोमीटरपर्यंत मागे नेण्याची मुभाही आली आहे. रेषा ओलांडली की दावेदाराचे रखवालदार बऱ्याच अंशी मोकळे होतात. बऱ्याच अंशी अशासाठी, की नियम अपघातापुरताच आहे. घोळका नुसताच तुटला तर सेकंद जातात. तरीही मुद्दा उरतोच: रेषेपर्यंत दोन्ही ध्येयांना रस्त्याचा तोच तुकडा आणि तीच माणसे हवी असतात, आणि रेषेनंतर तो तुकडा एकालाच हवा असतो. यात वाटणी कुठे आली? मुंबई–पुणे शर्यतीने आपल्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला. सपाटीवर वारा खाणाऱ्याला किताब ना इथे, ना युरोपात. हिशेबात तो दिसत नाही याचे तेही एक कारण असावे.

यावर पहिला आक्षेप घाटाचा. स्प्रिंटर घाटात मागे पडतो, ठरलेल्या मुदतीत पोहोचला नाही तर शर्यतीबाहेर जातो, आणि त्याला ओढत आणण्यात माणसे खर्ची पडतात. कोणती माणसे? डोंगरी टप्प्यावर मागे राहिलेल्यांचा जो घोळका मुदतीशी झुंजत येतो, ज्याला ग्रुपेटो म्हणतात, त्यात सपाटीचे धिप्पाड गडी तसेही असतातच. दुसऱ्या-तिसऱ्या चढावरच त्यांचे दावेदारासाठीचे काम संपलेले असते. त्यांनी स्प्रिंटरच्या पुढे राहून चालवले काय किंवा एकटे रखडत आले काय, वर दावेदाराच्या पदरी काहीच उणे-अधिक होत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मी पुरता परतवू शकत नाही. सकाळी निसटलेल्या टोळीचा पाठलाग करायची गरज दावेदाराला नसते, स्प्रिंटरला असते. ज्या संघाकडे स्प्रिंटर आहे त्याला एक माणूस दिवसभर आघाडीला जुंपावा लागतो. क्विक-स्टेप संघात टिम डेक्लेर्कने वर्षानुवर्षे हेच केले आणि त्याला ‘ट्रॅक्टर’ म्हणू लागले. तिसऱ्या आठवड्यात हे पाय आठवतात. खर्च आहे, कबूल. पण तो चार स्प्रिंटर-संघांत विभागला जातो आणि एका माणसाचा असतो. अंकगणितवाले सांगतात तशी अर्धी फौज त्यात जात नाही.

आता त्यांचे लाडके दाखले. २००७ मध्ये कॅडेल इव्हान्सने टूर अवघ्या २३ सेकंदांनी अल्बेर्तो कोंतादोरला गमावली, आणि त्याच्या संघात स्प्रिंटर रॉबी मॅकइवन होता. २३ सेकंद! एक चढाईवाला जास्त असता तर? हा युक्तिवाद ऐकायला झणझणीत आहे. पण मॅकइवन कँटरबरीचा टप्पा जिंकून, त्याच दिवशीच्या पडझडीने जायबंदी होऊन, आठव्या टप्प्यावर तीन्यला मुदतीत न पोहोचल्याने घरी गेला होता. पिरेनीज पर्वत, जिथे कोंतादोरने हल्ले केले, तो इव्हान्सने स्प्रिंटरविना संघानिशीच ओलांडला. शिवाय मॅकइवनची ख्यातीच अशी की तो माळ मागत नसे. दुसऱ्यांच्या चाकांमागून वाट काढत शेवटी उसळायचा. म्हणजे ज्या खर्चावर बोट ठेवायचे तो मुळात नाममात्र होता, आणि जो होता तो पहिल्या आठवड्यानंतर उरलाच नव्हता. दुसरा दाखला ताजा आहे. सौदाल क्विक-स्टेपने २०२४ मध्ये स्प्रिंटर टिम मेर्लियेला घरी ठेवले आणि रेम्को इव्हेनपूल तिसरा आला. २०२५ मध्ये दोघांनाही नेले, आणि इव्हेनपूल चौदाव्या टप्प्यावर तुरमालेच्या चढावर सायकलवरून उतरला. झाले सिद्ध? इव्हेनपूल बाहेर पडला तेव्हा एकंदर क्रमवारीत तिसराच होता, म्हणजे आदल्या वर्षी जिथे पोहोचला तिथेच. तोपर्यंत मेर्लियेने डंकर्क आणि शातोरू जिंकले होते, स्वतः इव्हेनपूलने कानची वेळ-चाचणी जिंकली होती. आदल्या डिसेंबरात सरावात गाडीशी झालेल्या धडकेने त्याची सगळी तयारी महिनोन्‌महिने विस्कटली होती. तुरमालेवर त्याचे पाय संपले. संपलेल्या पायांना चौथा चढाईवाला काय करणार? त्याने फार तर शेजारी राहून हळू चालवले असते. हरलेल्या संघात स्प्रिंटर सापडला की हरण्याचे कारण सापडले, असे मानायची ही सवय आहे; स्प्रिंटर न नेताही हरलेल्या संघांची यादी कोणी काढत नाही, कारण ती फार लांब होईल.

खरा अवघड दाखला २०१२ चा आहे आणि गंमत म्हणजे तो अंकगणितवाले विजयाच्या खात्यात टाकून मोकळे होतात. स्काय संघाने ब्रॅडली विगिन्सची पिवळी जर्सी, ख्रिस फ्रूमचा दुसरा क्रमांक आणि स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशचे तीन टप्पे असे सगळे एकाच जुलैत नेले. तरीही वर्षअखेरीस कॅव्हेंडिश संघ सोडून गेला. जगज्जेतेपदाची इंद्रधनुषी जर्सी अंगात, आणि त्या जर्सीत सहकाऱ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या कोंबलेल्या, हे त्याचे त्या शर्यतीतले चित्र अनेकांना आठवत असेल. त्याच्या दिमतीला खास असा बर्नहार्ड आयझेल एकटा. टूर्नेचा टप्पा त्याने परक्या चाकांमागून हुडकून काढला. आदल्या वर्षी एचटीसी संघात पूर्ण माळ हाताशी असताना त्याने पाच टप्पे आणि हिरवी जर्सी नेली होती. २०१२ मध्ये तीन टप्पे, आणि हिरवी पीटर सागानकडे. पण हे तीन कसे आले ते पाहावे. ब्रीव्हला आणि मग पॅरिसच्या शाँझेलिझेवर, अखेरच्या टप्प्यात, कॅव्हेंडिशच्या पुढे वारा फोडायला पिवळ्या जर्सीतला विगिन्स स्वतः आला. पॅरिसमध्ये त्याने वेग चढवून दिला, सहकारी बोआसन हागेनने तो पुढे नेला, आणि कॉन्कॉर्डच्या वळणावरून कॅव्हेंडिश सुटला. विगिन्स मुळात ट्रॅकवरचा आणि वेळ-चाचणीचा माणूस, म्हणून हे त्याला जमले. पासष्ट किलो वजनाच्या निव्वळ चढाईवाल्याला तिथे कोणी विचारलेही नसते. स्कायमध्ये दोन ध्येयांचे भांडण नव्हतेच. घाटात राबणारी माणसे आणि सपाटीवर राबणारी माणसे यांच्यामधला थर पातळ होता, आणि तो पातळ थर दावेदाराला स्वतःच्या अंगाने भरावा लागला. असे रोज होत नाही, आणि झाले तेव्हा विजेतेपद खिशात होते.

तेव्हा मला महत्त्वाचा वाटतो तो भेद दावेदार आणि स्प्रिंटर यांच्यातला नाही. स्प्रिंटर ही एक जागा आहे, ती द्यायची की नाही हा छोटा प्रश्न. भेद आहे तो स्प्रिंटरच्या लगेच पुढे चालवणाऱ्या माणसाच्या दोन जातींमधला. एक जात फक्त स्प्रिंटरच्या उपयोगाची: अखेरच्या चारशे मीटरांत निष्णात, पण बाकी दिवस प्रवासी. दुसरी जात अशी की जी पॅरिसमध्ये माळ ओढते तीच आडव्या वाऱ्यात दावेदाराला वाचवते, दरीत ओढते. संघ दोन ध्येये पेलतो की नाही ते हा शेवटून दुसरा माणूस कोणत्या जातीचा आहे त्यावर ठरते. २०२२ च्या टूरमध्ये युम्बो-विस्माच्या वाउट व्हान आर्टने हिरवी जर्सी आणि तीन टप्पे नेले. त्याच शर्यतीत आरेनबेरच्या दगडी रस्त्यांवर संघाचा दावेदार योनास विंगेगार्डची सायकल बिघडली, तेव्हा स्वतःच्या अंगावर पिवळी जर्सी असताना व्हान आर्टने थांबून त्याला मागून ओढत आणले. पुढे ओताकामच्या चढावर प्रतिस्पर्धी पोगाचारला मागे टाकणारी शेवटची खेचही त्याचीच. ‘व्हान आर्ट पिढीतून एकदा होतो’ हा आक्षेप इथे हमखास येतो, म्हणून २०२५ ची जिरो, म्हणजे इटलीतली मोठी शर्यत, पाहू. त्याच संघाकडे, तेव्हा नाव विस्मा, दावेदार सायमन येट्स आणि निखळ स्प्रिंटर ओलाव कोय. कोयने व्हियाडाना आणि रोम जिंकले. शेवटून दुसऱ्या दिवशी, पहिल्या क्रमांकापासून १ मिनिट २१ सेकंद मागे असलेला येट्स कोल्ले देल्ले फिनेस्त्रेच्या चढावर सुटला. अखेरचे आठ किलोमीटर कच्च्या रस्त्याचा हा तोच घाट, जिथे २०१८ मध्ये तो आघाडीच्या गुलाबी जर्सीत कोलमडला होता. पलीकडच्या दरीत सकाळच्या टोळीतून आलेला व्हान आर्ट त्याची वाट पाहत होता. सेस्त्रिएरेच्या पायथ्यापर्यंत त्याने येट्सला ओढले, मागे पहिल्या क्रमांकावरचा देल तोरो आणि दुसरा प्रतिस्पर्धी कारापाझ एकमेकांकडे बघत राहिले, आणि येट्सने शर्यत जवळजवळ चार मिनिटांच्या फरकाने जिंकली. निर्णायक मदत वाटणीवाल्यांना हवा असलेल्या चौथ्या चढाईवाल्याकडून आली नाही. आदल्या आठवड्यात कोयची माळ ओढणाऱ्याकडून आली. आणि त्या माळेत व्हान आर्टच्या पुढे होता एदोआर्दो अफिनी, ज्याला कोणी पिढीतून एकदा म्हणणार नाही. वेळ-चाचणीचा कणखर इटालियन गडी, दिवसभर वारा खाणारा. असे अफिनी बहुतेक संघांत असतात.

एक गोष्ट मात्र अंकगणितवाल्यांची मान्य करावी लागते. टप्पे जिंकणे वेगळे आणि हिरवी जर्सी जिंकणे वेगळे. टप्पा एका दिवसाचा असतो. हिरवी जर्सी रोज मधल्या स्प्रिंटवर, डोंगरी दिवशीसुद्धा, गुण मागते, आणि व्हान आर्टसारखा ते गुण पुढच्या टोळीतून आपणच वेचणारा नसेल तर सपाटीची माणसे दररोज लागतात. २०२५ मध्ये लिडल-ट्रेकच्या जोनाथन मिलानने दोन टप्पे आणि हिरवी जर्सी नेली, पण त्या संघाचा दावेदार मॅटियास स्केल्मोसे चौदाव्या टप्प्यावरच बाहेर पडल्याने तिसऱ्या आठवड्यात कोणाला कोणासाठी थांबावेच लागले नाही. तो पुरावा कोणत्याच बाजूचा नाही. आता त्याच संघाने हुआन आयुसोला घेतले आहे. यादी जाहीर होईल तेव्हा आयुसो आणि मिलान ही दोन नावे एकत्र दिसली की माना हलतीलच. माझी नजर मिलानच्या पुढे चालवणारी दोन नावे कोणती याकडे असेल. त्यांत सिमोने कोन्सोन्नीसारखा मिलानचा खास माणूस एकटाच असेल आणि दुसरा आयुसोलाही वाऱ्यात ओढू शकणारा असेल, तर मला त्या यादीत घाबरण्यासारखे काही दिसणार नाही.