आपपरभाव : उपजत की शिकविलेला?

परजातीविषयी व परधर्मीयांविषयी मनुष्याच्या मनात जी अढी असते, ती तो जन्मतःच घेऊन येतो की समाज ती त्याच्या मनात घालतो, हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. ‘स्वभावाला औषध नाही’ असे जो म्हणतो तो बहुधा औषधाच्या खटपटीतून आपली सुटका करून घेत असतो. आणि ‘हे सारे समाजाने शिकविले’ असे जो म्हणतो तो बहुधा त्या समाजातून स्वतःस वगळीत असतो. तेव्हा निर्णयापूर्वी पुरावा पाहणे बरे.

उपजतपक्षाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. इंग्लंडातील ब्रिस्टल येथे हेन्री ताजफेल ह्या मानसशास्त्रज्ञाने शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग १९७० साली प्रसिद्ध झाले. पडद्यावरील ठिपक्यांची संख्या अंदाजाने सांगावयास लावून, अधिक सांगणारे व कमी सांगणारे असे मुलांचे दोन गट केल्याचे भासविले. वस्तुतः वाटणी मन मानेल तशी केली होती. गटांत ना वैर, ना पूर्वेतिहास. तरीही इतरांस पैसे वाटण्याची पाळी येताच मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर आपल्यांस थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण परक्यांहून अधिक मिळावे, अशीही वाटणी पत्करली. रेघ ओढण्याची ही तत्परता मनुष्यस्वभावात आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

पण रेघ कोठे ओढावयाची, हे स्वभाव सांगत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नवजात अर्भकांनी कोणत्याही वंशाच्या चेहऱ्याला अधिक पसंती दिली नाही. तीन महिन्यांची मुले मात्र स्ववंशाच्या चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहत राहिली. पुढल्याच वर्षी असे दिसून आले की, इस्रायलात दोन्ही वर्णांच्या माणसांत वाढणाऱ्या इथिओपियन अर्भकांत ही आवडनिवड नव्हती. म्हणजे अर्भकाची दृष्टीसुद्धा भोवतालची माणसेच घडवितात. शिवाय ओळखीचा चेहरा आवडणे म्हणजे अनोळख्याचा द्वेष करणे नव्हे.

आणि जातिभेद तर डोळ्यांना दिसतही नाही! १९०१ साली बाल भीमराव आंबेडकर घरच्या मुलांसह वडिलांकडे कोरेगावी जाण्यास निघाले व मसूर स्टेशनावर उतरले. मुलांचा पोशाख नीटनेटका होता. स्टेशनमास्तराने प्रथम आस्थेने चौकशी केली. ‘महार’ हा शब्द कानी पडताच त्याची मुद्रा पालटली. पुढे दुप्पट भाडे मिळूनही गाडीवान मुलांशेजारी बसेना. गाडी मुलांनी हाकली व तो पायी चालला. हा प्रसंग आंबेडकरांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. मुले तीच, कपडे तेच; मध्ये आला तो एक शब्द. शब्दाचा अर्थ रक्तातून येत नाही. तो कोणीतरी सांगावा लागतो.

आमच्या मते ह्या वादाचा निकाल भाषेच्या दृष्टान्ताने लागतो. मूल बोलण्याची शक्ती घेऊन जन्मते, पण मराठी घेऊन जन्मत नाही. त्याचप्रमाणे ते आपपरभावाची शक्ती घेऊन येते. ‘पर’ कोण, हे त्याला घर शिकविते. आणि मातृभाषा जशी व्याकरणाच्या पुस्तकावाचून येते, तशी ही विद्याही उपदेशावाचून येते : मोलकरणीसाठी निराळा ठेवलेला कप, पाहुण्याचे आडनाव विचारताना बदललेला स्वर, एखाद्या मोहल्ल्याचे नाव निघताच झालेली नेत्रपल्लवी, एवढे धडे पुरे होतात.

संविधानाच्या कलम १७ ने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. कायदा कृत्यास दंड करू शकतो, नेत्रपल्लवीस नाही. तेथे शिक्षक आपणच आहोत. अढी जर शिकविली जाते, तर ती न शिकविणेही आपल्याच हाती आहे. आणि स्वभावाकडे बोट दाखवून ह्या जबाबदारीतून कोणासही सुटता येणार नाही.