सात वाजतांचा भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव म्हणून एक गांव आहे. या गांवानें १५ ऑगस्ट २०२२ पासून एक नवा प्रघात पाडला. सायंकाळचे सात वाजले कीं गांवच्या मंदिरावरून भोंगा व्हावा आणि घरोघरचे दूरदर्शनचे संच व मोबाईल बंद व्हावे. साडेआठ वाजतां दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं वाचावें अथवा चार गोष्टी बोलाव्या, असा संकेत ठरला. महामारीच्या काळांत शाळा मोबाईलवर भरली. पुढें शाळेचीं दारें उघडलीं, तरी मुलांची दृष्टि पडद्यावरून निघेना. हें शिक्षकांच्या ध्यानीं आलें व त्यांतून ही कल्पना निघाली. वृत्तपत्रांनीं बातमी कौतुकानें छापली. आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षांत मात्र तिच्यावरून जो वाद माजला, तो माझ्या मनांत अद्याप मिटलेला नाहीं.

माझे एक स्नेही तत्त्वज्ञान शिकवितात. मिलच्या १८५९ सालच्या स्वातंत्र्यावरील निबंधाचीं त्यांनीं पारायणें केलेलीं आहेत. ते म्हणाले, "मनुष्यानें आपल्या घरांत, आपल्या पैशानें आणलेल्या यंत्रासमोर किती वेळ बसावें हें गांव भोंगा वाजवून ठरवूं लागलें, तर उद्यां त्यानें जेवावें काय आणि निजावें केव्हां हेंहि गांवच ठरवील. ज्या कृत्यानें दुसऱ्यास इजा होत नाहीं, त्यांत समाजानें हात घालूं नये." आक्षेप वजनदार आहे. लोकहिताच्या नांवाखालीं आपल्याकडे व्यक्तीचा केवढा कोंडमारा झाला, हें आगरकरांच्या महाराष्ट्रास निराळें सांगावयास नको.

परंतु दूरदर्शन पाहणें हें ज्याचें त्याच्यापुरतें कृत्य आहे काय? मी पुस्तक वाचीत असलों तर तें माझ्या हातांत मावतें. शेजारीं बसलेल्यास त्याचा आवाज येत नाहीं. दूरदर्शनचा संच ज्या खोलींत असतो, ती खोली सर्वस्वीं त्याची होते. बैठकीच्या खोलींत आजोबा बातम्या लावतात. तेथेंच दहावींतला नातू भूमिति सोडवीत असतो, आणि स्वयंपाकघरांतल्या सुनेला, इच्छा असो वा नसो, ती सारी हमरीतुमरी ऐकावीच लागते. एकाचें पाहणें हें येथें चौघांचें ऐकणें असतें. स्नेह्यांनीं हें तत्काळ मान्य केलें. "मग प्रत्येकानें आपला मोबाईल घ्यावा आणि कानांत इयरफोन घालावे," ते हसून म्हणाले, "म्हणजे इजा संपली." येथें त्यांचा युक्तिवाद जिंकला, आणि माझें मन मात्र उलट दिशेनें गेलें. चौघें चार पडद्यांसमोर कान बुजवून बसलीं, म्हणजे कोणी कोणास त्रास देत नाहीं हें खरें. पण मला जी इजा वाटते, ती तेव्हांच पुरी झालेली असते.

ती इजा कोणती हें मला पुस्तकांतून कळलें नाहीं. दहा-बारा वर्षांपूर्वींची गोष्ट. माझी आई तेव्हां आमच्याकडे राहत होती. एका सायंकाळीं कोठल्याशा निवडणुकीवर चाललेली चर्चा मी पाहत बसलों होतों. आई येऊन शेजारीं बसली व म्हणाली, "अरे, तुला एक सांगायचं होतं." मीं तिच्याकडे न पाहतां हात वर केला, म्हणजे थांब. चर्चा संपली, जाहिराती झाल्या, दुसरी चर्चा सुरू झाली. जेवतांना मला आठवण झाली व मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "काही नाही रे, सहज." त्यानंतर ती चार वर्षें होती. मीं दोन-तीनदां त्या गोष्टीचा विषय काढला. तिला खरोखरच कांहीं आठवत नव्हतें. तेव्हां त्या दिवशीं एखादें मोठें गुपित माझ्या हातून निसटलें, असें मी म्हणत नाहीं. बहुधा नात्यांत कोणाचें लग्न ठरलें असेल, किंवा तिचा गुडघा दुखत असेल. निसटलें तें दुसरेंच. "तुला एक सांगायचं होतं" हे शब्द ती पुढें पुढें उच्चारीनाशी झाली. माझ्या शेजारीं बसून, मी जें पाहत असें तेंच ती मुकाट्यानें पाहूं लागली. ती चर्चा कोणत्या निवडणुकीवर होती, हेंहि आज मला सांगतां येत नाहीं.

मिलच्या व्याख्येंत ही इजा बसणार नाहीं, आणि कोणतेंहि न्यायालय तिची दाद घेणार नाहीं. तथापि प्रश्न उरतोच: एका छपराखालीं राहणाऱ्या माणसाकडे लक्ष देणें ही आपली मर्जी आहे, कीं आपण त्याचें तें देणें लागतों? माझ्या मतें तें देणें आहे. अन्नवस्त्राच्या देण्याहून तें बुडविणें फार सोपें. कारण त्याचा तगादा कोणी लावीत नाहीं. लावलाच तर एकदां हळूच लावतात.

येथें वाचक म्हणतील, प्रोफेसरसाहेब आपला दोष यंत्रावर ढकलीत आहेत. त्यांत तथ्य आहे. यंत्राच्या आरंभींच्या दिवसांचा तर मी ऋणीच आहें. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें आणि पुढील वर्षीं त्याचे कार्यक्रम पुण्यांत दिसूं लागले. आम्ही राहत होतों त्या वाड्यांत एकच संच होता, तो मालकांकडे. शनिवारीं सायंकाळीं मराठी चित्रपट व रविवारीं हिंदी. त्या वेळीं मालकांच्या दाराशीं चपलांचा जो ढीग पडे, त्यांत कोणाच्या पायांत कोणाची चप्पल जाई याचा नेम नसे. 'चिमणराव' पाहतांना सारा वाडा एकदम हंसे. १९८७ च्या जानेवारींत 'रामायण' मालिका सुरू झाली, तेव्हां रविवारीं सकाळीं रस्ते ओस पडत, पण घरें भरून जात. या पाहण्यानें माणसें तुटलीं, असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल.

मग फरक कोठें पडला? माझ्या समजुतीप्रमाणें तो शेवटांत पडला. त्या काळीं कार्यक्रम रात्रीं संपत. पडद्यावर नुसते ठिपके दिसूं लागत. मालक संचाचीं लाकडी दारें लावून घेत आणि आम्ही पोरें उठून घरीं जात असूं. कीर्तन आरतीनें संपतें, नाटकास शेवटचा अंक असतो, तमाशाचा फडहि पहांटेस उठतो. मर्यादा त्या त्या वस्तूच्या ठायींच होती. पाहणारानें ती वेगळी आणण्याची गरज नव्हती. १९९१-९२ पासून उपग्रहावरून वाहिन्या येऊं लागल्या, १९९९ मध्यें मराठीचीहि खासगी वाहिनी आली, आणि रात्र व दिवस हा भेद उरला नाहीं. मालिकेचें कथानक कोठें संपावें हें आतां कथानक ठरवीत नाहीं, जाहिरातदार ठरवितो. प्रत्येक भाग अशा ठिकाणीं तोडावयाचा कीं पाहणारानें उद्यां त्याच वेळीं यावें. मोबाईलनें तर उद्यांची वाट पाहण्याचाहि त्रास वांचविला. एक दृश्य संपतांच दुसरें आपोआप सुरू होतें. थांबण्यासाठींच काय तो प्रयत्न करावा लागतो. वस्तूची मर्यादा नाहींशी झाली आणि तिचें सारें ओझें एकट्या मनुष्याच्या निग्रहावर पडलें. दिवसभर कचेरींत राबून आलेल्या मनुष्याजवळ सायंकाळीं सात वाजतां किती निग्रह शिल्लक असतो, हें प्रत्येकानें आपापल्या मनास विचारावें. स्वातंत्र्याचे कैवारी या ठिकाणीं मनुष्यास फार बलवान् समजतात.

अशी बाह्य मर्यादा घालणारें वडगांव कांहीं पहिलें नव्हे. आइसलंडमध्यें सरकारी दूरदर्शन १९६६ सालीं सुरू झालें, तें गुरुवारीं बंद असे, आणि जुलै महिनाभरहि बंद असे. जुलैची सुटी १९८३ मध्यें गेली, गुरुवारची १९८७ मध्यें. तत्पूर्वीं एक वर्षच तेथें खासगी वाहिनी निघाली होती, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

वडगांवच्या भोंग्यानें मला आमच्या जुन्या दिवेलागणीची आठवण झाली. दिवा लागला कीं मुलांनीं हातपाय धुऊन 'शुभं करोति' म्हणावयाचें, पाढे घोकावयाचे. पण या आठवणींत फार रमूं नये, असें मला वाटतें. ओटीवर पुरुष गप्पा मारीत त्या वेळीं घरांतील स्त्रिया चुलीच्या धुरांत असत; त्यांच्याशीं सायंकाळीं कोणी काय बोलत होतें? पुष्कळ घरांत स्त्रीला दिवसाकाठीं हक्कानें अर्धा तास बसावयास मिळाला तो मालिकेच्या निमित्तानेंच. मालिकांची टवाळी करणाऱ्या आम्हां सुशिक्षितांना तेवढें सुचत नाहीं. भोंग्याचा निर्णय स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशीं भरलेल्या महिलांच्या सभेंत झाला, असें वाचलें तेव्हां माझ्या मनांतील एक मोठी शंका फिटली. तो पुरुषांच्या बैठकींत झाला असता, तर मी स्नेह्यांच्याच बाजूला राहिलों असतों.

माझ्या आईचेंच पाहा. आम्ही दोघें नोकरीवर, मुलगा शाळेंत. सकाळीं दहापासून सायंकाळीं सहापर्यंत घरांत मनुष्याचा आवाज होता तो त्या यंत्राचा. मालिकेंतील सासवा-सुनांचीं नांवें तिला आमच्या शेजाऱ्यांच्या नांवांपेक्षां अधिक पाठ होतीं. "बंद कर तो टीव्ही" असें म्हणावयाचा अधिकार मला केव्हां पोंचला असता? तो बंद झाल्यावर तेथें मी जाऊन बसणार असतों, तरच. वडगांवींहि नुसत्या भोंग्यानें काम झालें नाहीं. आरंभीं अंगणवाडी सेविका, आशा सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन लोकांना सांगत होते.

हें सारें बोलून झाल्यावर आपण कांहीं करावें, म्हणून आमच्या घरीं सात ते आठ संच व मोबाईल बंद ठेवण्याचें ठरलें. पहिले तीन दिवस विलक्षण अवघडलेपणाचे गेले. बोलावयास कोणाजवळ कांहीं नव्हतें. पत्नीनें कपाट आवरलें, मीं जुनीं मासिकें चाळलीं, मुलगा घड्याळाकडे पाहत होता. चौथ्या दिवशीं त्यानें एकाएकीं विचारलें, "बाबा, आजी त्या वाड्यात पाणी कुठून भरायची?" मला नीट सांगतां येईना, हौदाविषयीं कांहीं अर्धवट सांगितलें. आईला विचारावयास हवें होतें, असें मनांत आलें आणि मी गप्प बसलों.

तो नियम एकोणीस दिवस टिकला. विसाव्या दिवशीं क्रिकेटचा सामना होता. आतां एक तासाचा अर्धा तास झाला आहे. आमच्या घरीं भोंगा नाहीं. पत्नी देवाजवळ दिवा लावते, आणि संचाच्या जवळ जो असेल त्यानें तो बंद करावयाचा. काल तो मला दोनदां सांगावा लागला.