पाणी कोणी घालायचे?

मराठवाड्यात काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसलेली जागा. पांढऱ्या मातीनेच आमच्या वाडवडिलांनी जाड भिंती घातल्या, माळवदावर तिचेच थर चढविले. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी हीच माती किल्लारीकरांच्या अंगावर आली. त्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली.

त्या किल्लारीला आम्ही आमची आठवीची मुले घेऊन गेलो. आमची उर्दू शाळा लातूर शहरातल्या दाट वस्तीत. इथल्या पोरांनी माती पाहिली ती नालीच्या खोदकामात, नाहीतर मय्यतीला माती देताना. त्यांना ‘मातीवर प्रेम करा’ असे सांगायला आम्ही धजत नव्हतो. नव्या किल्लारीतले सरळ रस्ते, ओळीतली घरे पाहून एका मुलीने विचारले, “सर, ये झाडां बी सरकारच दिया क्या?” घर बांधून देता येते. सावली बांधून देता येत नाही; तिला कोणीतरी वर्षानुवर्षे पाणी घालावे लागते. एवढेच आम्ही बोललो.

परतल्यावर शाळेमागच्या पट्टीत शेवगा, मेंदी, कढीपत्ता लावला आणि पेचात सापडलो. 2016 साली याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते; टाक्या-विहिरींभोवती जमावबंदी होती. आजही आमच्या वस्तीत उन्हाळ्यात घागरी मोजल्या जातात. अशा घरातल्या पोराकडे झाडासाठी तांब्याभर पाणी मागणे न्यायाचे आहे काय? ज्यांच्या नळाला पाणी, त्यांचे निसर्गप्रेम स्वस्तात होते. शेवटी खिचडीनंतर हात धुतलेले पाणी आम्ही बादलीत धरू लागलो.

तरी एका पोराने प्यायची बाटली शेवग्याला ओतली आणि दिवसभर तहानलेला राहिला. आम्ही रागावलो. तो म्हणाला, “मेरेकू तो सबच देते, सर. मैं कौनकू दूँ?”

पुस्तके, गणवेश, खिचडी, सारे त्याला मिळतेच. मिळण्याची रांग त्याला पाठ आहे. बागकामाने मुलांचे मन शांत होते असे प्रशिक्षणात ऐकले होते. होत असेल. पण या पोराला शांती नको होती, कोणीतरी आपल्यावर अवलंबून असायला हवे होते. मग आमचे रागावणे चूक? तहानलेल्या मुलाला शाबासकी द्यायलाही मन घेत नाही.

मे महिन्यात शाळेला कुलूप. जूनमध्ये आलो तर मेंदी वाळलेली, शेवगा हिरवा. भिंतीवरून पोरगा रोज आत येतो, अशी शेजाऱ्यांची लेखी तक्रार टेबलावर होती. तिच्यावर शेरा अजून आम्ही लिहिलेला नाही.