म्हणजे काय?

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत दिवेलागणीनंतर दोन आवाज हमखास येतात. एक कुकरच्या शिट्ट्यांचा आणि दुसरा पाठांतराचा. पूर्वी हा दुसरा आवाज परवचा-रामरक्षेचा असे. आता तो पदार्थविज्ञानाच्या सूत्रांचा असतो.

शेजारची मुलगी बारावीला आहे. तिला डॉक्टर व्हायचे आहे. ठाण्याच्या क्लासहून परत येताना गाडीतसुद्धा तिचे ओठ हलत असतात, असे तिची आई कौतुकाने सांगते. परवा ती वही घेऊन आली. "काका, मला जरा विचारता?"

मी दहावीपुढे शिकलेलो नाही. कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत लहान मुलांना पाढे-कविता शिकवतो. तेव्हा मी वहीतले नाव वाचावे, तिने सूत्र म्हणावे आणि मी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, असा उद्योग सुरू झाला. पाऊण तासात ती एकदाही चुकली नाही. एका सूत्रापाशी मी सहज विचारले, "म्हणजे काय गं?"

"म्हणजे चार मार्क!" ती हसून म्हणाली.

मीही हसलो, पण ती गेल्यावर ते उत्तर मनात सलत राहिले. विचारणाऱ्याला अर्थ ठाऊक नव्हता आणि सांगणारीला अर्थासाठी सवड नव्हती. जे समजले नाही ते बिनचूक सांगणे, हा प्रामाणिकपणा म्हणायचा की अप्रामाणिकपणा?

पोरीला दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षेचे नाव 'नीट', पण नीट विचार करायला तिच्यात वेळ कुठे आहे? 2025 साली 180 मिनिटांत 180 प्रश्न होते. त्यांतले 45 पदार्थविज्ञानाचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. मिनिटाला एक प्रश्न ठेवायचा आणि मुले घोकतात म्हणून हळहळायचे, हा आम्हां मोठ्यांचा कावा आहे.

2024 च्या परीक्षेत तर गंमतच झाली. अणूविषयीच्या एका प्रश्नाला दोन उत्तरे बरोबर धरली गेली. जुन्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असल्याचे छापले होते, नव्यात बहुतेकांचे. मुलांनी आपापले पुस्तक इमानाने पाठ केले होते. अखेर जुलैत सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीला विचारले. तिथल्या तीन तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवले आणि निकाल बदलला. मुलांची स्मरणशक्ती चुकली नव्हती. पण युरेनियमच्या अणूने आमचे पाठ्यपुस्तक थोडेच वाचले आहे? तो आपला फुटत राहतो.

मग पाठांतर वाईट का? असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पाढे पाठ करून घेणारा मीच. मुले 'बे दुणे चार' तालावर म्हणतात, तेव्हा त्यांना गुणाकार कळलेला असतो असे नाही. पुढे कधी वाण्याच्या दुकानात तो एकदम कळतो.

मी त्या सूत्रांच्या धन्यांची नावे टिपून ठेवली होती. वाचनालयात जाऊन शोध घेतला, आणि चकितच झालो. तारेच्या ताणाशी ज्याचे नाव जोडले आहे, तो यंग लंडनचा डॉक्टर. ऊर्जेच्या अक्षय्यतेवर 1847 साली निबंध लिहिणारा हेल्महोल्ट्झ लष्करी डॉक्टर. त्यानेच 1851 साली डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र केले. आणि नळीतून द्रव किती वाहील हे सांगणारा प्वाझय पॅरिसचा वैद्य. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते या कुतूहलापोटी 1840 च्या सुमारास त्याने काचेच्या केसासारख्या नळ्यांत पाणी सोडून मोजमाप केले.

मुलीला हे सांगितले. "हे परीक्षेत येत नाही, काका," ती म्हणाली. पण वहीवरचे बोट थांबले. "त्रिज्येचा चौथा घात... म्हणजे नळी निम्मी अरुंद झाली, तर प्रवाह सोळावा हिस्सा?" आणि एकदम हळू आवाजात, "आजोबांची रक्तवाहिनी अशीच अरुंद झाली होती ना?"

गेल्या वर्षी तिच्या आजोबांच्या हृदयाची अँजिओप्लास्टी झाली. जिवंत शरीरातला हिशेब काचेच्या नळीइतका सरळ नसतो, हे मी वाचले होते. तेवढे तिला सांगितले. पण त्या क्षणी ते सूत्र चार मार्कांचे राहिले नव्हते.

एक मात्र कबूल करायला हवे. सूत्र जिभेवर नसते, तर आजोबांची आठवण येऊनही ते तिला सुचले नसते. पाठांतर हे पेव आहे. धान्य भरून ठेवणे पाप नव्हे. पेव कधी उघडायचेच नाही, आणि भरलेले आहे म्हणून जगाला पोट भरल्याचे सांगायचे, हे पाप.

आमच्या शेजारच्या कल्याणात 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी त्यांचे तान्हे मूल गेले होते. त्यांनीही पुष्कळ पाठ केले असेल. पण 'म्हणजे काय?' हा प्रश्न त्यांच्याबाबतीत पुस्तकाच्या आधी आला होता.

काल संध्याकाळी ती पुन्हा वही घेऊन आली. "विचारा," म्हणाली, "पण आज दोन्ही विचारा."

पाऊण तासात निम्मीच वही झाली. आणि एवीतेवी अर्थ निघालाच म्हणून, तिने मलाही दोन सूत्रे समजावून दिली.