दुखणं आणि पापाचा हिशेब

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या पीजीत राहणाऱ्या, पुण्या-नागपूरहून नोकरीला आलेल्या पोराच्या अंडकोशात कळ येऊ लागली, तर तो कुणाला सांगतो? बहुधा कुणालाच नाही. आईला सांगायची सोय नाही, रूममेट टिंगल करील ही धास्ती. एका बाजूची गोटी सुजते, लघवीला जळजळ होते, ताप चढतो आणि मनात भलताच हिशेब सुरू होतो: आपलं चुकलं कुठे?

वृषणाला मागून चिकटलेली, वेटोळी घातलेली एक नळी असते. तिचं नाव अधिवृषण. उलगडली तर सुमारे सहा मीटर भरेल. शुक्राणू तिच्यात पक्व होतात. तिचा दाह म्हणजे एपिडिडिमायटिस. पस्तिशीच्या आत तो बहुतेकदा क्लॅमिडिया किंवा गोनोरियाचा, म्हणजे संभोगातून आलेला. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना तोच लघवीच्या मार्गातल्या ई. कोलाय जंतूंमुळे होतो. आपल्याकडे क्षयही तिथवर पोचतो. आता आजोबांचं पाप कोणतं काढायचं?

वीर्यरक्षणाची महती गाणारे आयुर्वेदातल्या सप्तधातूंचा दाखला देतात. शुक्र हा सातवा, म्हणून तो जपा. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय त्यांनी उघडावा. अडवू नयेत अशा शरीराच्या वेगांत तिथे मूत्राबरोबर शुक्रही आहे, आणि ते अडवलं तर वृषणात कळ येते, असं सांगितलंय! आजचं वैद्यक ही उपपत्ती मानणार नाही. पूर्वकर्मातून येणारे रोगही त्याच संहितेत आहेत, हे कबूल. तरी या अध्यायात आचार्य दुखण्याचं कारण शोधतात, रोग्याची झडती घेत नाहीत.

गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी हेच केलं. १९२७ साली त्यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. वाचक हस्तमैथुनाबद्दल विचारत, कर्वे आडपडदा न ठेवता उत्तर देत. या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी वकिली केली. तरी कर्वे हरले, दंड भरला आणि मासिक १९५३ पर्यंत, मरेपर्यंत चालवलं.

लाजेपायी गेलेला वेळ कधी फार महाग पडतो. अचानक, असह्य कळ आली तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. तो साधारण सहा तासांत सुटला नाही तर वृषण गमावण्याची भीती. एपिडिडिमायटिस असेल तर प्रतिजैविकांनी बहुधा बरा होतो. खरा नैतिक पेच त्यानंतर उभा राहतो. तपासणीत क्लॅमिडिया निघाला, तर गोळ्या जोडीदारालाही घ्याव्या लागतात. म्हणजे तिला सांगावं लागतं.