घड्याळाचें खरेपण

एखादें घड्याळ चुकतें असें आपण म्हणतों, तेव्हां त्याचे कांटे खऱ्या वेळेशीं जुळत नाहींत एवढाच आपला अर्थ असतो. पण तेंच घड्याळ खोटें आहे असें कोणी म्हटलें, तर गोष्ट अगदीं निराळी होते. चाळीस वर्षें बंद पडलेलें घड्याळ खरें असूं शकतें, आणि दिवसाकांठीं अर्ध्या मिनिटाचीही कसूर न करणारें घड्याळ खोटें असूं शकतें. वेळ दाखविणें हें ज्या यंत्राचें एकुलतें एक काम, त्याच्या खरेपणाचा वेळ दाखविण्याशीं कांहींएक संबंध राहूं नये, ही चमत्कारिक अवस्था घड्याळ जुनें झालें म्हणजे त्यास प्राप्त होते. जुनीं घड्याळें विकत घेण्याचा छंद आपल्या मध्यम वर्गांतही पसरला आहे. आणि ज्यांस तो छंद नाहीं त्यांच्याही कपाटांत वडिलांचें किंवा आजोबांचें एखादें घड्याळ असतेंच. तेव्हां या अवस्थेचा थोडा विचार करण्यास हरकत नाहीं. आम्हांस तो करावा लागला याचें कारण मात्र छंद नव्हे, मनास लागलेली एक टोंचणी आहे. तिच्याकडे आम्ही शेवटीं येऊं.

जगांतील घड्याळशोकिनांच्या भाषेंत आपल्या मुंबईनें एका शब्दाची भर घातली आहे, आणि ती अभिमान वाटावा अशी नाहीं. ज्याची तबकडी नव्यानें रंगविली आहे, कांटे एकाचे व चावी दुसऱ्याची आहे, आणि यंत्र कदाचित् तिसऱ्याच घड्याळांतून काढून बसविलें आहे, अशा जुन्या घड्याळास ते 'मुंबई स्पेशल' म्हणतात. एच. एम. टी., फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड, सायको या नांवांचीं असलीं घड्याळें परदेशच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोंचलीं आहेत. पैकीं एच. एम. टी. या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें १९६१ सालीं बंगलोर येथें घड्याळें करण्यास आरंभ केला, आणि २०१६ सालीं घड्याळांचा तो धंदा बंद करण्याचा निर्णय सरकारनें घेतला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, या न्यायानें त्यानंतर 'जनता' आणि 'पायलट' यांचे गुण लोकांस अधिक दिसूं लागले. मागणी आली कीं पुरवठा चुकत नाहीं. कंपनीनें जन्मांत कधीं केल्या नाहींत अशा रंगांच्या तबकड्या लवकरच बाजारांत दिसूं लागल्या.

हें ऐकून त्या तबकड्या रंगविणाऱ्या कारागिरांस लबाड म्हणावें असें सहज वाटतें. पण आमची जीभ तसें म्हणण्यास धजत नाहीं. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षें परदेशी घड्याळें व त्यांचे सुटे भाग आयात करण्यावर आपल्याकडे कडक निर्बंध होते. घड्याळ लग्नांत मिळावयाचें आणि जन्मभर पुरवावयाचें. आमच्या दमट हवेनें तबकडी डागळली, तर मालक ती घड्याळजीकडे नेई आणि नव्यासारखी करून आणी. भांड्यास कल्हई करावी तसाच हा प्रकार होता. आणि कल्हई केलेल्या पातेल्यास खोटें पातेलें म्हटल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. तीच रंगविलेली तबकडी पुढें विकणाऱ्यानें 'मूळची' म्हणून पुढें केली, म्हणजे मात्र खोटेपणा जन्मास येतो. ब्रशाच्या टोंकावर तो नव्हता. जिभेच्या टोंकावर आला. तेव्हां आमचें पहिलें म्हणणें असें, कीं खरेपणा व खोटेपणा हे घड्याळाचे धर्मच नव्हेत. ते घड्याळाविषयीं केलेल्या विधानाचे धर्म आहेत.

हें तत्त्व कितीही निर्मळ असलें, तरी बाजारांत उभ्या असलेल्या मनुष्याच्या तें उपयोगीं पडत नाहीं; कारण विधानें विकणारा करतो, आणि घेणाऱ्याच्या हातांत केवळ वस्तु असते. वस्तूकडूनच साक्ष काढावी लागते. म्हणून जाणते लोक प्रथम भिंग घेऊन तबकडी पाहतात. मूळ छपाईचीं अक्षरें सुबक व एकसारखीं असतात. हातानें वा घाईनें पुन्हा काढलेलीं अक्षरें जाड, किंचित् डुलणारीं, क्वचित् अशुद्धही निघतात. डबीच्या कडा बोथट झाल्या असतील तर ती वारंवार घासली गेली आहे. पाठीमागचें झाकण उघडून यंत्रावरील नांव व अंक तबकडीवरील नांवाशीं ताडून पाहावयाचे, हें तर सांगावयास नकोच.

या सर्व साक्षींत आम्हांस सर्वांत मौजेची वाटते ती अंधारांत चमकणाऱ्या कांट्यांची. पूर्वीं कांट्यांवर व अंकांवर खरोखरच रेडियमचा लेप देत असत. रेडियमचें तेज अर्धें होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. परंतु त्याच्या योगानें चमकणारा जो लेपांतील दुसरा पदार्थ, तो त्याच माऱ्यानें कांहीं वर्षांतच निकामी होतो. १९६० नंतर रेडियम मागें पडून ट्रिटियम आलें. त्याची शक्ति सव्वाबारा वर्षांत निम्मी होते, आणि तें वापरल्याची खूण म्हणून तबकडीच्या तळाशीं 'टी' हें अक्षर छापीत. याचा परिणाम असा, कीं १९५० सालचें म्हणून पुढें केलेलें घड्याळ रात्रीं लख्ख चमकूं लागलें, तर तें कांहीं तरी लपवीत आहे असें समजावें. खरें असेल तें अंधारांत गप्प राहतें.

घड्याळाच्या खरेपणाची ही चिंता आजकालची नाहीं. पॅरिसचा विख्यात घड्याळकार ब्रेगे याच्या हयातींतच त्याच्या नांवाच्या नकली घड्याळांचा इतका सुळसुळाट झाला, कीं १७९५ च्या सुमारास त्यानें तबकडीवर एक गुप्त सही कोरण्याची युक्ति काढली. ती इतकी सूक्ष्म असे कीं प्रकाश तिरपा पडल्याखेरीज दिसूं नये. याच ब्रेगेकडे १७८३ सालीं मारी आंत्वानेत राणीसाठीं एक घड्याळ करावयास सांगण्यांत आलें. त्या काळीं ठाऊक असलेली प्रत्येक करामत त्यांत असावी अशी अट होती. राणीचा १७९३ सालीं शिरच्छेद झाला, ब्रेगे १८२३ सालीं वारला, आणि घड्याळ पुरें झालें १८२७ सालीं. जिच्यासाठीं तें केलें तिनें तें पाहिलें नाहीं, आणि ज्याच्या नांवावर तें मोडतें त्यानें तें पुरें केलें नाहीं. तरी त्याच्या अस्सलपणाविषयीं कोणी शंका घेत नाहीं. १९८३ सालीं तें जेरुसलेमच्या एका वस्तुसंग्रहालयांतून चोरीस गेलें. तें सांपडत नाहीं असें पाहून ब्रेगेचें नांव चालविणाऱ्या आजच्या कंपनीनें जुनीं टिपणें व चित्रें यांवरून त्याची हुबेहूब प्रतिकृति करावयास घेतली. प्रतिकृति २००८ सालीं जगापुढें आली. पण तत्पूर्वींच, २००७ सालीं, मूळ घड्याळ सांपडल्याचें जाहीर झालें होतें! कारागिरींत दोन्हीं तोलामोलाचीं मानलीं, तरी एकासाठीं जग हळहळत होतें आणि दुसऱ्याचें केवळ कौतुक झालें. मनुष्याचें मन वस्तूच्या गुणांवर जडत नाहीं, तिच्या चरित्रावर जडतें.

आणि चरित्राचें मोल किती व्हावें यास सुमार नाहीं. पॉल न्यूमन या अमेरिकन नटाचें रोलेक्स 'डेटोना' घड्याळ २०१७ सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत पावणेदोन कोट डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. त्याच्या पाठीवर, गाडी जपून चालीव, अशा अर्थाचे पत्नीचे शब्द कोरलेले होते. दुसऱ्या कोणाच्या घड्याळावर असें कोरकाम असतें तर बाजारानें त्याची किंमत कमीच केली असती.

जेथें चरित्रास इतकें मोल येतें, तेथें बनावट चरित्रें लिहिणारेही निपजावयाचेच. २०२१ सालीं जिनीव्हांत ओमेगा कंपनीचें १९५७ सालच्या जातीचें एक 'स्पीडमास्टर' ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किंमतीस विकलें गेलें. त्याची काळी तबकडी काळानें तपकिरी झाली होती, आणि हा दोषच त्याचें भूषण ठरला होता. घेणारी होती खुद्द ओमेगा कंपनी, आपल्या संग्रहालयासाठीं! पुढें २०२३ सालीं तिनेंच जाहीर केलें, कीं हें घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे बहुतेक अस्सल भाग एकत्र करून जुळविलेलें होतें, आणि या व्यवहारांत तिच्याच माजी नोकरांचा हात होता. ज्या घरांत जन्म झाला त्या घरालाही स्वतःचें मूल ओळखतां आलें नाहीं, मग जुन्या बाजारांत भिंग घेऊन बसणाऱ्या आमच्यासारख्यांची काय कथा! पण आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातें. भाग बहुतेक अस्सल. मग त्यांची बेरीज खोटी कशी?

हा प्रश्न घड्याळांहून फार पुरातन आहे. थीसियसच्या जहाजाच्या फळ्या कुजत तसतशा अथेन्सचे लोक बदलीत गेले. अखेरीस तें तेंच जहाज राहिलें काय, असा वाद प्लूटार्कनें नोंदविला आहे. हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञानें त्यांत एक मेख मारून ठेविली: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेविल्या आणि त्यांचें पुन्हा जहाज बांधलें, तर दोहोंतील खरें कोणतें? आपल्याकडे नागसेन भिक्षूनें मिलिंद राजास तो ज्या रथांतून आला त्या रथाविषयींच विचारलें होतें. दांडी म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? सर्वांचें उत्तर नाहीं असें आल्यावर, रथ हें त्या जुळणीस व्यवहारापुरतें दिलेलें नांव आहे, असें त्यानें राजाकडूनच वदविलें. आम्हांस नागसेनाचें म्हणणें पटतें. पण व्यवहारांतील नांव म्हणून तें क्षुल्लक, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. व्यवहार नांवांवरच चालतो. तीस वर्षें एका मनगटावर असतां ज्याचे भाग एकेक करून बदलले, तें घड्याळ तेंच राहतें, कारण त्याच्या चरित्रांत खंड पडला नाहीं. एका दुपारीं दहा घड्याळांतून जुळविलेलें घड्याळ, प्रत्येक भाग अस्सल असूनही, कोणाचेंच चरित्र सांगत नाहीं.

आतां उरला मौनाचा प्रश्न, आणि येथेंच खरी नैतिक अडचण आहे. खोटें बोलूं नये हें सर्वांस मान्य. परंतु सारें खरें सांगितलेंच पाहिजे काय? आपला १८७२ चा कराराचा कायदा म्हणतो कीं नुसतें मौन म्हणजे लबाडी नव्हे; मात्र बोलणें हें ज्याचें कर्तव्य आहे त्याचें मौन, किंवा जें मौन बोलण्याच्याच बरोबरीचें आहे तें, लबाडींत मोडतें. त्यांतील उदाहरण घोड्याचें आहे: व्यंग असलेला घोडा लिलावांत विकतांना मालक कांहीं बोलला नाहीं, तर ती लबाडी नव्हे, पण घेणारी नुकतीच वयांत आलेली त्याचीच मुलगी असेल, तर सांगणें त्याचें कर्तव्य होतें. सिसेरोनें दुष्काळी ऱ्होड्स बेटांत धान्य घेऊन गेलेल्या व्यापाऱ्याची गोष्ट चर्चिली आहे. मागून आणखी जहाजें येत आहेत हें त्यानें सांगावें कीं नाहीं? डायोजेनिस म्हणतो, न सांगणें निराळें आणि लपविणें निराळें. अँटिपेटर म्हणतो, सांगितलेंच पाहिजे. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे. परंतु हे सर्व विचारवंत विकणाऱ्याच्या मौनाविषयीं बोलत आहेत. जुन्या वस्तूंच्या बाजारांत पुष्कळदां जाणता असतो तो घेणारा, आणि अजाण असतो तो विकणारा.

आमच्या इमारतींत वरच्या मजल्यावर एक वृद्ध बाई राहतात; त्यांचे यजमान वारल्यास बरीच वर्षें झालीं. एके दिवशीं त्यांनीं आम्हांस बोलावून त्यांचें घड्याळ पुढें ठेविलें आणि दोन हजार रुपये येतील का, असें विचारलें. ओमेगाची स्टीलची डबी, सायीच्या रंगाची तबकडी, छपाई निर्दोष, कडा शाबूत. दोन हजार हा त्याच्या मोलाचा विसावा हिस्साही नव्हे, हें आम्हीं पाहतांक्षणीं ओळखलें. आमचें मन थरारलें, आणि चेहऱ्यावर मात्र आम्हीं ती सुप्रसिद्ध उदासीनता आणली. "काकू, पट्टा गेला आहे, चावीही सैल आहे," आम्ही म्हणालों, "पण तुमचा शब्द मोडवत नाहीं." एक अक्षरही खोटें नव्हतें. पट्टा गेलाच होता. आम्हीं घड्याळ उलटून पाहिलें नाहीं, केव्हां घेतलें, कोठें दुरुस्त केलें, हेंही विचारलें नाहीं. विचारलें असतें तर आमची उत्सुकता दिसली असती.

दुसऱ्या दिवशीं घड्याळजीनें झाकण उघडलें. आंतील यंत्र एका हलक्या, नांव विसरलेल्या स्विस घड्याळाचें होतें. त्यावर तबकडी बसावी म्हणून तिचे पाय कापून ती चिकटविली होती. त्यानें भिंग काढून आम्हांस विचारलें, "केवढ्याला घेतलंत?" आम्हीं सांगितलें. "मग बरोबर आहे," तो म्हणाला.

वाचकांस हंसूं येईल, पण त्या क्षणीं आम्हांस प्रथम जें वाटलें तें पश्चात्तापासारखें मुळींच नव्हतें. आपण फसविले गेलों, असें वाटलें! घरीं येतां येतां हिशेब उलगडला. काकूंस योग्य तीच किंमत मिळाली होती, म्हणजे अन्याय घडला नव्हता. परंतु तो टळला याचें श्रेय आमच्याकडे येत नव्हतें, तें त्या यंत्राकडे जात होतें. दोन दिवसांनीं आम्ही वर गेलों आणि शक्य तितक्या सहज स्वरांत म्हणालों, कीं आंतील यंत्र मूळचें दिसत नाहीं.

"मूळचं कुठलं!" काकू म्हणाल्या. "मूळचं बंद पडलं आणि भाग मिळेनात, म्हणून ह्यांनी ते बदलून घेतलं. पुढं पंचवीस वर्षं तेच हातावर होतं त्यांच्या. तुम्ही विचारलं असतंत तर तेव्हांच सांगितलं असतं कीं मी."